जुन्या बाजाराची नवी बांधणी

मुलांनो, 'भेंडीबाजार' हे नाव ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भाजीची टोपली आली असेल. पण या नावाचा त्या भाजीशी संबंध नाही. भेंडी नावाचे एक मोठे, पिवळ्या फुलांचे झाडही असते. एके काळी तेथे अशी झाडे होती, म्हणून तो भेंडीबाजार झाला, असे काही जण सांगतात. दुसरे म्हणतात, क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून इंग्रज त्याला 'बिहाइंड द बझार' म्हणत आणि लोकांच्या तोंडी त्याचे भेंडीबाजार झाले. मला स्वतःला झाडाची गोष्ट अधिक आवडते.

दक्षिण मुंबईत मोहम्मद अली रोडला लागून ही वस्ती आहे. जवळच चोरबाजार आणि नळबाजार आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन गायक भाऊ येथे राहिले, म्हणून त्यांच्या गायकीला 'भेंडीबाजार घराणे' असे नाव मिळाले. गोव्याच्या प्रसिद्ध गायिका अंजनीबाई मालपेकर या नझीर खाँ यांच्याच शिष्या. अत्तर, टोप्या, कापड, भांडी, लोखंडी सामान, मिठाई अशी नाना प्रकारची दुकाने या गल्ल्यांत दाटीवाटीने उभी होती.

येथील जुन्या इमारतींची रचना समजून घ्या. तळमजल्यावर दुकाने आणि वरच्या मजल्यांवर खोल्या. यांतील बऱ्याच खोल्या मुळात गोदीत व बाजारात काम करणाऱ्या एकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या होत्या. पुढे त्यांची कुटुंबे आली, मुले झाली, मुलांची लग्ने झाली. खोली मात्र तेवढीच राहिली. शौचालय मजल्यावर सामाईक. ज्यांना पहाटे उठून पाण्यासाठी नंबर लावावा लागला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तरीही या राहणीची एक सोय होती. दुकानदार दुपारी जिना चढून घरी जेवायला जाई. मुलगा शाळेतून आला की गल्ल्यावर बसे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधार मिळे आणि शेजारच्या घरी कोणी आजारी पडले तर ते निरोप न पाठवता कळे. घर आणि धंदा यांत अंतर फक्त एका जिन्याचे होते.

मग या इमारती मोडकळीला का आल्या? याचे एक मोठे कारण भाड्याच्या कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात माणसे वाढली आणि भाडी भडकू लागली. भाडेकरूंना संरक्षण मिळावे म्हणून १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. कायद्याचा हेतू चांगला होता. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले. परंतु महागाई वाढत गेली, भाडे जेमतेम तेवढेच राहिले आणि दुरुस्तीवर खर्च करण्यात मालकाला काही हित उरले नाही. खोली हस्तांतरित करताना 'पागडी' म्हणून मोठी रक्कम हातोहात जाई, पण ती भिंतीला लागत नसे. अखेर १९६९ साली सरकारने कायदा करून अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवला. म्हणून त्यांना 'उपकरप्राप्त इमारती' म्हणतात. पुढे हे काम 'म्हाडा' या संस्थेकडे आले. तेव्हापासून टेकू लावणे, गिलावा करणे चालू राहिले. इमारतीचे वय काही कमी होईना.

(जाता जाता एक गोष्ट ध्यानात घ्या. 'इमारत', 'दुकान', 'बाजार' हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. 'मालिक' मराठीत येताना 'मालक' झाला. 'किरायेदार' मात्र मराठीत 'भाडेकरू' होतो.)

दिनांक ३१ ऑगस्ट २०१७. दोनच दिवसांपूर्वी मुंबईत मुसळधार पाऊस झाला होता. सकाळी साडेआठच्या सुमारास पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली. ही इमारत शंभराहून अधिक वर्षांची होती. ती पाडून नवी बांधायची, हे ठरलेले होते. काही कुटुंबे आधीच दुसरीकडे राहायला गेली होती. काही अजून तेथेच होती. तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली मरण पावली. इमारतीत लहान मुलांची एक बालवाडी होती. ती भरायला अजून थोडा वेळ होता, म्हणून मुले वाचली.

ठरलेले असूनही लोक का गेले नाहीत, असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर 'लोक हट्टी होते' इतके सोपे नाही. ताबा सोडला की हक्क सुटेल, ही भीती मुंबईच्या भाडेकरूला पिढ्यान्‌पिढ्या असते. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या संक्रमण शिबिरांत कित्येकांची उभी हयात गेलेली त्याने पाहिलेली असते. त्यामुळे तडा गेलेल्या भिंतीपेक्षाही त्याला रिकामी केलेली खोली अधिक धोक्याची वाटते. एका बाजूला इमारत पडण्याचे भय आणि दुसऱ्या बाजूला घर जाण्याचे भय, यांत माणूस अडकतो.

भेंडीबाजाराच्या पुनर्बांधणीचे काम सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतले आहे. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांनी २००९ साली या ट्रस्टची स्थापना केली. सुमारे साडेसोळा एकर जमीन, सुमारे २५० इमारती, ३२०० कुटुंबे आणि १२५० दुकाने एवढा या योजनेचा पसारा आहे. एकेक इमारत सुटी न बांधता सगळा भाग एकत्र घेऊन बांधायचा, याला 'समूह पुनर्विकास' म्हणतात. एकेकटी इमारत बांधली तर गल्ली अरुंद ती अरुंदच राहते. अग्निशमन दलाचा बंब आत येऊ शकत नाही. सगळा भाग एकत्र घेतला तर रस्ते रुंद करता येतात, मोकळी जागा सोडता येते.

भाडेकरूला कमीत कमी ३५० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने आणि विनामूल्य मिळते. मग बांधकामाचा पैसा कोठून येतो? समजा, तुमच्याकडे १००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्यावर एकूण १००० चौरस मीटर बांधकामाची परवानगी आहे. याला चटईक्षेत्र निर्देशांक १ म्हणतात. निर्देशांक ४ झाला, तर त्याच जागेवर ४००० चौरस मीटर बांधता येते. इमारत आडवी वाढत नाही. ती उंच होते. जुन्या रहिवाशांना घरे देऊन जी जागा उरते, ती बाजारभावाने विकली जाते आणि त्यातून खर्च निघतो. मुंबईतील बहुतेक पुनर्विकास याच हिशेबावर चालतो. पहिल्या टप्प्यातील 'अल सआदा' या दोन उंच इमारती पूर्ण झाल्या असून जुने रहिवासी तेथे राहायला आले आहेत. त्यांच्या घरात आता स्वतःचे शौचालय आहे. घरातील बायकांना आणि म्हाताऱ्यांना ही गोष्ट केवढी मोठी आहे!

जुनी वस्ती पाडून नवी करणे ही काही आजची कल्पना नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीमुळे रोग पसरतो असे मानून सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने कोंदट घरे पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. हवा खेळू लागली खरी. पण ज्यांची घरे पाडली, त्यांतील बहुतेकांचे पोट त्याच भागातील कामावर होते. ते दूर जाऊ शकत नव्हते. ते शेजारच्या चाळींत शिरले आणि तेथील गर्दी वाढली. आजच्या योजनेत त्याच जागी परत येण्याचा हक्क आहे, हा मोठा फरक होय.

परंतु परत येईपर्यंतची वर्षे कशी काढायची? कुटुंबाला माझगावसारख्या भागात तात्पुरते घर मिळते, मुले बसने शाळेला येतात. कसे तरी निभावते. दुकानाचे तसे नाही. भेंडीबाजारातील अनेक दुकानदार वर्षभराची कसर रमजानच्या संध्याकाळी भरून काढतात. इफ्तारनंतर मोहम्मद अली रोडवर उसळणारी गर्दी दुकान जेथे हलेल तेथे त्याच्या मागोमाग जात नाही. गिऱ्हाईक एकदा तुटले की ते पुन्हा जोडायला वर्षे लागतात. शिवाय पूर्वी जे दुकान रस्त्याच्या तोंडावर होते, ते नव्या इमारतीत आतल्या बाजूला गेले तर धंदा निम्मा होतो. क्षेत्रफळ तेवढेच असते. कागदावर काहीच कमी झालेले दिसत नाही. घराच्या बाबतीतही एक खर्च नवा असतो. जुन्या इमारतीत जिना होता, त्याला वीज लागत नव्हती. उंच इमारतीत लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा खर्च दर महिन्याला उभा राहतो.

आणखी एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घर कोणाला मिळते? ज्याच्या नावावर भाडेपावती आहे त्याला. तुमच्या घरी अशी पावती असेल तर ती आज काढून पाहा. कदाचित ती आजोबांच्याच नावावर असेल. ज्याने भाडेकरूकडून खोली घेतली तो पोटभाडेकरू, दुकानातच रात्री पाठ टेकणारा बिहारचा कारागीर, जिन्याखाली इस्त्री करणारा माणूस यांच्याकडे पावती नसते, म्हणून कुटुंबांच्या आणि दुकानांच्या मोजणीत ते येतच नाहीत. कोपऱ्यावर हातगाडी लावून खजूर विकणाऱ्याचीही तीच गत. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली केंद्र सरकारने कायदा केला. पाहणी होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांना हटवू नये, असे त्यात म्हटले आहे. पण रस्ता रुंद झाल्यावर त्याच कोपऱ्यावर त्याची हातगाडी उभी राहील, असे तो कायदा कोठेही म्हणत नाही.