आमच्या विमानाचा तोल

बुलढाण्याच्या वाऱ्याला कोणी नावे ठेवलेली मला खपत नाही. उन्हाळ्यात सारा वऱ्हाड भाजून निघत असतो, तेव्हा आमच्या गावची हवा त्यातल्या त्यात सुखाची असते. पण गेल्या दिवाळीत राजूर घाटाच्या वरच्या अंगाला, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या एका शेतात, याच वाऱ्याने आमचे विमान उलथून टाकले आणि मीही त्याला नको नको ते बोललो. अपराध वाऱ्याचा नव्हता, माझा होता, हे मागाहून कळले.

विमान म्हणजे खरेखुरे नव्हे हो! फोमचे, चार फूट पंखांचे, नाकाशी बॅटरीवर फिरणारा पंखा असलेले. माझ्या नववीतल्या नातीने दोन महिने खपून केलेले. त्यात तिची दोन वर्षांची ओवाळणी गेली होती. "हे मोडलं तर दुसरं नाही," असे सूनबाईंनी आधीच बजावून ठेवले होते.

नातीचा हट्ट असा, की ते आजोबांनीही उडवावे. आता माझी पंचाईत अशी, की ज्या हाताने तीस वर्षे फळ्यावर पट्टीवाचून सरळ रेघ ओढली, त्याच हातातला चहा हल्ली बशीत सांडतो. हातातल्या ट्रान्समीटरची कांडी केसभर हलली तरी विमान झोकांडी खाते. म्हणून तिने साधा रिसीव्हर न घेता तोल सांभाळणारा घेतला.

साधा रिसीव्हर सांगकाम्या असतो. जमिनीवरून हुकूम आला की तो सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारींना कळवतो, आणि त्या पंखांच्या मागच्या पट्ट्या हलवतात. या दुसऱ्या जातीच्या पोटात जायरो असतो. विमान कलले की हुकमाची वाट न पाहता तो उलट बाजूने पट्टी हलवतो. कल्पना जुनीच आहे. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने चालत्या विमानात दोन्ही हात वर करून दाखवले, आणि त्याचा मेकॅनिक तेव्हा पंखावर उभा होता! त्याच्या यंत्रात गरगर फिरणारी जड चाके होती. आमच्या जायरोत चाकच नाही. नखाएवढ्या चिपमध्ये सिलिकॉनचे अतिसूक्ष्म भाग थरथरत असतात, आणि त्या थरथरीत पडलेल्या फरकावरून विमान किती वळले ते कळते. थरथरणाऱ्या माझ्या हाताला थरथरणाऱ्याचीच मदत, हे मला भारी गमतीचे वाटले.

आता माझी चूक ऐका. घरी जोडणी केली तेव्हा कांडी उजवीकडे दाबली तर पट्ट्या उलट्या हलल्या. मी लगेच ट्रान्समीटरमध्ये दिशा फिरवली. पट्ट्या सुलट! मी म्हटले, झाले. पण त्या फेरबदलाने फक्त माझा हुकूम सुलट झाला होता. जायरोची दिशा वेगळी लावावी लागते, ती उलटीच राहिली. शेतात नातीने विमान हातातून सोडले, एका झुळकेने डावा पंख किंचित उचलला, आणि त्याला खाली आणण्याऐवजी जायरोने तो आणखी वर लोटला. जितका तोल गेला तितक्या जोराने तो चुकीच्याच बाजूला ढकलत राहिला. विमान पाठीवर पडून शेजारच्या तुरीत घुसले. नात रडली नाही. मोडलेले नाक ओढणीत गुंडाळून ती मोटारीत मागे जाऊन बसली. घरापर्यंत मी तिच्याशी काय बोलणार?

रात्री मात्र तिनेच गोंद काढला. दोन दिवसांनी आम्ही जेवणाच्या टेबलावर पुन्हा मांडामांड केली. आधी पुढचा पंखा काढून ठेवला. तो अचानक फिरला तर बोटे जायची. रिसीव्हर विमानाच्या मध्यावर, नाकाच्या रेषेत, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने घट्ट बसवला. टेबल तिरके निघाले, तेव्हा शेजारच्या गवंडीकाकांची पाणसळ आणली आणि टेबलाच्या पायाखाली घड्या घातल्या. जायरोला 'सपाट म्हणजे काय' ते इथेच शिकवायचे असते. बॅटरी जोडल्यावर काही क्षण विमानाला हातही लावायचा नाही. मग नाती‍ने ते उचलले. उजवा पंख खाली, तर त्याच पंखाची मागची पट्टी खाली. नाक खाली, तर शेपटीची आडवी पट्टी वर. नाक डावीकडे, तर उभी पट्टी उजवीकडे. पहिली चाचणी चुकली! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जायरोची दिशा बदलली आणि तिन्ही चाचण्या मी तिच्याकडून दहा वेळा करून घेतल्या. "आजोबा, आता पुरे!" म्हणेपर्यंत.

त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी, वारा उठायच्या आत, पुन्हा त्याच शेतात गेलो. पहिली फेरी नातीने जायरो बंद ठेवून घेतली आणि विमान आपोआप सरळ जाईल असे लावून घेतले. मग खटका दाबून जायरो चालू केला. वेग वाढताच पंख हिवताप भरल्यासारखे कापू लागले. जायरोचा जोर जास्त झाला की असे होते. उतरवून जोर कमी केला, आणि कांडीची मधली हालचाल माझ्यासाठी मुद्दाम मंद करून ठेवली.

मग ट्रान्समीटर माझ्या हातात आला.

तुरीचे मालक धुऱ्यावर येऊन उभे राहिले होते. बराच वेळ त्यांनी एकदा माझ्या हातांकडे, एकदा आभाळाकडे पाहिले.

"मास्तर, तुमचा हात तं हालते. मंग इमान काहून नाही हालत?"

उत्तर द्यायला मला सवड नव्हती. विमान नजरेच्या टप्प्यात राहिले पाहिजे, आणि ते वळणावर आले होते.

"बॅटरी संपत आली, आजोबा. उतरवू मी?"

"थांब, एक चक्कर."