बायलॉ नंबर २७०

मराठी माणूस पिकावर फवारतो ते औषध. ढेकणाचे औषध, उंदराचे औषध, डासांचे औषध, तणाचे औषध. आणि कर्जाने गांजलेला शेतकरी जे पिऊन जीव देतो, तेही गावातल्या बोलण्यात औषधच. ‘औषध पिला’ असे कुणी दबक्या आवाजात सांगितले, की ऐकणाऱ्याला पुढचे कळते. बँकेच्या नोकरीत बारा वर्षे मी ग्रामीण शाखांमध्ये काढली. पीककर्जाच्या अर्जात ‘बियाणे, खते, औषधे’ असा रकाना असे. मारणाऱ्या वस्तूला बरे करणाऱ्या वस्तूचे नाव मिळाले, की तिच्याबद्दलचे निम्मे प्रश्न विचारायचेच राहून जातात.

कॅनडातल्या एका लहान गावाने ते प्रश्न विचारले, आणि शेतीबाबत नव्हे तर घरापुढच्या हिरवळीबाबत विचारले. हडसन हे ते गाव. क्युबेक प्रांतात, माँट्रियलच्या पश्चिमेला चाळीस किलोमीटरवर, वस्ती पाच-साडेपाच हजारांची. घरापुढे एकसारखी हिरवळ हवी आणि तिच्यात डँडेलियनचे एकही पिवळे फूल दिसता कामा नये, ही उत्तर अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची इभ्रत. त्यासाठी टू-फोर-डी नावाचे तणनाशक वापरतात. रुंद पानांच्या वनस्पती त्याने मरतात, गवत शाबूत राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते बाजारात आले. त्याआधी हिरवळीच्या बियाण्यात पांढरे क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नायट्रोजन जमिनीला मिळतो. टू-फोर-डीने क्लोव्हरही मरू लागले, तेव्हा क्लोव्हरलाच तण ठरवण्यात आले. आमच्या बँकेत काही अधिकाऱ्यांच्या बढत्या याच तत्त्वावर रोखल्या जात, पण ते असो.

हडसनमध्ये जून अर्विन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञ होत्या. आपल्या रुग्णांच्या तक्रारींचा या फवारणीशी संबंध असावा, असे त्यांना वाटू लागले. १९८५ पासून त्या गावच्या परिषदेच्या बैठकांना जात, उभ्या राहत आणि पत्र वाचून दाखवत. सहा वर्षे हे चालले. अशा माणसांना आपल्याकडे काय म्हणतात हे सभा-बैठकांना जाणाऱ्यांना ठाऊक आहे. गावातल्या इतरांचीही पत्रे येऊ लागली आणि मे १९९१ मध्ये परिषदेने बायलॉ नंबर २७० संमत केला.

बँकेतल्या माणसाला मुख्य कलमाआधी अपवाद वाचायची खोड असते. मी ते वाचले. पोहण्याच्या तलावाला हा नियम लागू नाही. पिण्याचे पाणी शुद्ध करण्याला नाही, घराच्या आतल्या वापराला नाही. माणसाला धोका असलेले प्राणी किंवा ॲलर्जी असणाऱ्याला त्रासदायक वनस्पती असतील, तर वापर करता येतो. शेतकऱ्याने काय वापरणार याची नोंद परिषदेकडे करायची. गोल्फच्या मैदानाला पाच वर्षांची सवलत. इतके सगळे वगळल्यावर बंदी उरते ती फक्त शोभेसाठी केलेल्या फवारणीवर. गरज आणि शोभा यांच्यामध्ये रेघ ओढली, एवढेच त्या गावाने केले.

नोव्हेंबर १९९२ मध्ये फवारणी करणाऱ्या दोन कंपन्यांना समन्स गेले. त्यांचे म्हणणे वरवर बिनतोड होते. उत्पादनाला केंद्र सरकारची नोंदणी आहे, आमच्याकडे प्रांताचा परवाना आहे, मग पाच हजार वस्तीचे गाव मध्ये पडणारे कोण? कंपन्या दोन न्यायालयांत हरल्या आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २८ जून २००१ रोजी सातही न्यायमूर्तींनी गावाच्या बाजूने निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती लरो-द्युबे यांचे. त्यातला तर्क साधा आहे. केंद्राने वस्तू विकायला परवानगी दिली, प्रांताने फवारणाऱ्याला परवाना दिला, पण कुणीही ‘फवारलेच पाहिजे’ असे म्हटलेले नाही. तेव्हा न फवारणारा माणूस तिन्ही कायदे एकाच वेळी पाळू शकतो.

याच निकालपत्रात एक परिच्छेद आहे, तो वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. अपायाचा पक्का पुरावा हाती येईपर्यंत थांबू नये, आधीच खबरदारी घ्यावी, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कायद्यात कितपत रुजले आहे याची चर्चा करताना तिथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल दिले आहेत. एक १९९६ चा वेल्लोरचा, तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांनी नासवलेल्या पाण्याबद्दलचा. दुसरा १९९९ चा नायडू प्रकरणातला, हैदराबादला पाणी पुरवणाऱ्या जलाशयांजवळच्या कारखान्याचा. हडसनच्या हिरवळीला आपल्या न्यायमूर्तींची साक्ष उपयोगी पडली.

पुढे २००३ मध्ये क्युबेकने प्रांतभर नियम केले. २००९ मध्ये ओंटारिओने शोभेच्या फवारणीवर बंदी आणली आणि ती आणताना गावांचे आपापले नियम निष्प्रभ केले. टू-फोर-डी बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने क्युबेकच्या बंदीविरुद्ध मुक्त व्यापार कराराखाली दावा लावला. तो २०११ मध्ये मिटला. लेबलवरच्या सूचना पाळल्या तर या रसायनाचा धोका अस्वीकार्य नाही, असे क्युबेकने लिहून दिले. बंदी राहिली, कंपनीला भरपाई मिळाली नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या रसायनाला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. म्हणजे शास्त्रज्ञांचा वाद मिटलेला नाही. माझ्या मते तो मिटण्यावर हा प्रश्न अवलंबूनही नाही. आपल्या दारात काय फवारायचे हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा खरा प्रश्न. अमेरिकेतही १९९१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या केसी नावाच्या गावाने हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता. मग उत्पादकांनी राज्यांच्या विधिमंडळांकडे मोर्चा वळवला आणि बहुतेक राज्यांनी गावांचा हा अधिकारच काढून घेतला.

माझी मुलगी ओंटारिओत, मिसिसागाला राहते. मे महिन्यात तिच्या गल्लीत डँडेलियन माजलेले असते. कापणीचे यंत्र तीन इंचांवर ठेवायचे, म्हणजे उंच गवताच्या सावलीत तणाचे बी रुजत नाही. कापलेले गवत तिथेच पडू द्यायचे. पाणी आठवड्यातून एकदाच, पण मुळापर्यंत पोचेल असे. शरद ऋतूत विरळ जागी पुन्हा बी टाकायचे, त्यात क्लोव्हर मिसळायचे. जावईबापू हे सगळे करतात. हिरवळ मात्र गालिच्यासारखी दिसत नाही, हे कबूल करायला हवे.

आपल्याकडे १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास राज्यांत कीटकनाशक मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्यात नोंदणी केंद्राकडे, विक्रीचे परवाने राज्याकडे. ग्रामपंचायत, नगरपालिका यांना त्या कायद्याने हा अधिकार दिलेला नाही. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्य सरकारने काही कीटकनाशकांची विक्री थांबवली, तीही साठ दिवसांपुरती.

गावाला नसलेला अधिकार आपल्या कुंपणाच्या आत मात्र आहे. गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींना आपणही बायलॉजच म्हणतो. पुण्यात आमच्या सोसायटीत दोन गुंठ्यांची हिरवळ आहे. त्यावर महिन्यातून एकदा फवारणी होते. लिफ्टमध्ये चिठ्ठी लागते, ‘उद्या औषध मारले जाईल’. फवारणारा मुलगा अनवाणी असतो, तोंडाला रुमाल. संध्याकाळी त्याच गवतावर मुले लोळतात. हिरवळीतले मुख्य तण म्हणजे लव्हाळा. “साहेब, लव्हाळ्याला औषध मारून काय व्हायचंय? वरचं पान जळतं, खाली गाठ तशीच,” असे आमचे माळीकाका म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर ते खुरप्याने गाठीसकट काढतात, आणि जिथे काढतात तिथे हरळी आपोआप पसरते. शेतकरी जिला शिव्या देतो आणि गणपतीला जिची जुडी वाहतो, तीच ही हरळी.

येत्या वार्षिक सभेसाठी मी ठराव दिला आहे. हिरवळीवर तणनाशक वा कीटकनाशक नको. डेंग्यूसाठी महापालिकेची फवारणी, वाळवी आणि साप-विंचू यांचा अपवाद. मसुद्यात सचिवांनी दोनदा ‘औषध’ लिहिले, मी दोनदा खोडून ‘विषारी रसायन’ केले. खजिनदारांनी विचारले, फवारणीचे कंत्राट रद्द केले तर माळीकाकांना जादा दिवसांची मजुरी द्यावी लागेल, ती कुठल्या खात्यातून? मी आकडे मांडून दिले आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मजुरीचा खर्च कंत्राटापेक्षा थोडा जास्त येतो, उरलेल्या आठ महिन्यांत कमी. बी विंगमधल्या एका बाईंनी शेजारच्या सोसायटीची हिरवळ मला खिडकीतून दाखवली. फारच सुंदर आहे.