मेळाव्याचा मुहूर्त आणि आभाळाचा कौल

लग्नकार्य असो, जत्रा असो की स्नेहसंमेलन असो, ऐन वेळी पाऊस कोसळला की यजमानाच्या तोंडचे पाणी पळते. मांडव भिजतो, पंगती खोळंबतात. पण नुकसान होते ते बहुधा पैशाचे आणि हौसेचे. हौशी वैमानिकांच्या मेळाव्याची गोष्ट निराळी. तेथे पाहुणा स्वतःचे विमान स्वतः चालवीत येतो आणि वाटेत आभाळ फिरले तर त्याला आडोशाला झाड नसते. म्हणूनच अशा मेळाव्याचे यश किती विमाने उतरली यावर मोजावे, की किती वैमानिकांनी वेळीच न येण्याचा निर्णय घेतला यावर, हा प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नाही.

ऑश्कॉशची जत्रा

या प्रकारच्या मेळाव्यांत अग्रमान अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑश्कॉशचा. घरच्या घरी विमाने बांधणाऱ्या हौशी मंडळींची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली स्थापन केली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑश्कॉशला भरतो. जुलैच्या अखेरीस तेथे आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून सुमारे दहा हजार विमाने येतात. मंडळी विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून आठवडाभर मुक्काम करतात. येण्याची रीतही मोठी वेधक आहे. रिपन गावापासून फिस्कपर्यंत रेल्वेच्या रुळांवरून, ताशी ९० सागरी मैल वेगाने, एकामागे एक अशी विमानांची रांग लागते. नियंत्रकाने सूचना दिली की वैमानिकाने पंख हलवून ती ऐकल्याची खूण द्यायची. ही सारी व्यवस्था रूळ डोळ्यांना दिसतात, या एका गृहीतावर उभी आहे.

ते गृहीत कधी कधी कोसळते. २०१० साली मेळाव्यापूर्वीच्या मुसळधार पावसाने विमाने उभी करण्याची कुरणे इतकी चिंब झाली की अनेकांना आसपासच्या विमानतळांवर थांबवून ठेवावे लागले. २०१८ साली सुरुवातीच्या शनिवार-रविवारी ढग खाली उतरले. ते सरल्यावर अडकलेली विमाने एकदमच निघाली आणि तलावांवर घिरट्या घालीत ताटकळली. त्या अनुभवानंतर आगमनाच्या नियमांत फेरबदल करावे लागले. फ्लोरिडातील लेकलँड येथे अशाच एका मेळाव्यावर ३१ मार्च २०११ रोजी चक्री वादळ आदळले आणि दोरांनी जखडलेली विमानेसुद्धा उलथून पडली. तथापि जमिनीवरच्या विमानाचे नुकसान भरून काढता येते. खरी चिंता वाटेत असलेल्यांची असते.

ढगात हरवलेले कान

बहुसंख्य हौशी वैमानिक क्षितिज पाहून विमान चालवितात. ढगात क्षितिज नाहीसे होते आणि तोल राखण्याचे काम कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांवर येते. विमान हळूहळू एका बाजूस कलून वळू लागले, तर त्या नलिकांतील द्रव काही वेळाने स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत असा भास होतो. उंची घटते आहे हे पाहून वैमानिक विमानाचे नाक वर ओढतो. कललेल्या विमानात त्यामुळे गिरकी अधिकच आवळत जाते. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली उपकरणांच्या साहाय्याने उड्डाणाचा अनुभव नसलेल्या वीस जणांवर प्रयोग केला. बाहेरचे काही दिसेनासे होताच साऱ्यांचाच ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी अवधी होता १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटेही नव्हेत! त्या प्रयोगाचा मूळ हेतू मात्र भीती घालण्याचा नव्हता. ढगात सापडलेल्या माणसाने विमान शांतपणे माघारी कसे वळवावे, हे शिकविण्याचा तो प्रयत्न होता, आणि थोड्या शिक्षणानंतर ते साधते असे दिसून आले.

मग सुजाण माणसे पुढे का जातात? कारण कोणीतरी वाट पाहत असते. १६ जुलै १९९९ रोजी धाकटे जॉन केनेडी चुलत बहिणीच्या लग्नासाठी स्वतः विमान चालवीत निघाले. रात्र काळोखी होती, समुद्रावर धूसर हवा होती. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ विमान समुद्रात कोसळून ते, त्यांची पत्नी आणि मेहुणी असे तिघेही प्राणास मुकले. दिशाभ्रमाने ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. त्या रात्री त्यांच्या मनात काय चालले होते हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु ‘आता सगळे जमले असतील’ हा विचार हवामानखात्याच्या इशाऱ्यापेक्षा बलवान ठरतो, हा सर्वांचाच अनुभव आहे.

जुहूचा धडा

आपल्याकडच्या विमानविद्येचा प्रारंभही हौशी मंडळींनीच केला, आणि पावसापुढे नमते घेण्याचे शहाणपण त्यांच्या ठायी होते. १९२९ साली भारतात वैमानिकाचा परवाना मिळविणारे पहिले गृहस्थ जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली कराची-मुंबई टपालसेवा सुरू केली. पण जुहूच्या मैदानाची पावसाळ्यात दलदल होई. तेव्हा विमाने, वैमानिक आणि यंत्रज्ञ असा सारा संसार पुण्याला येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर हलविण्यात आला. निसर्गाशी झुंज देण्याची भाषा तेथे नव्हती. होती ती त्याच्या सवडीने वागण्याची तयारी.

मेळाव्याच्या यजमानांनी हेच वळण अंगी बाणविले पाहिजे. उतरण्याची पर्यायी ठिकाणे आधी जाहीर करावीत, तेथून मोटारीची सोय ठेवावी आणि ‘आज येत नाही’ असा निरोप आला तर त्यावर थट्टेचा एक शब्दही निघू देऊ नये. किंबहुना तो निरोप साऱ्यांसमोर वाचून दाखवावा. पुलावरून पाणी वाहत असताना मुहूर्तासाठी वऱ्हाडाची मोटार त्यात घालणाऱ्या आपल्या समाजालाही हा धडा परका नाही. ढगातून पार झालेल्याच्या शौर्याच्या गोष्टी चहाच्या टेबलावर रंगतात. वाटेतून परतलेल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. ती सांगितली जाऊ लागेल, तेव्हा पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला यायला तो वैमानिक असेल.