आज तिचा रोजा नाही

रमजान सुरू झाला की स्थानिक वर्तमानपत्रांत चिमुकल्या रोजेदारांचे फोटो झळकू लागतात. सहा-सात वर्षांची मुलगी, डोक्यावर जरीची ओढणी, गळ्यात फुलांचा हार आणि खाली पहिला रोजा पूर्ण केल्याची बातमी. पहिल्या रोजाच्या या कौतुकसोहळ्याला ‘रोजा कुशाई’ म्हणतात. नवे कपडे येतात, आजी-आजोबा बक्षीस देतात, शेजारचे काका-काकूही शाबासकी देऊन जातात.

आणखी सहा-सात वर्षे जातात. त्याच मुलीला पाळी सुरू होते. त्या दिवसांत तिला रोजा नसतो. पण ही गोष्ट घरातल्या पुरुषांना कळू द्यायची नसते. म्हणून कित्येक घरांत ती पहाटे सर्वांसोबत सहेरीला उठते. दुपारी स्वयंपाकघराचे दार लोटून उभ्याउभ्याच दोन घास खाते. भाऊ आत आला की तोंडातला घास तसाच गिळते. पोटात दुखत असले तरी गोळीसाठी उघडपणे पाणी पिता येत नाही. संध्याकाळी अजान झाली की अब्बांच्या शेजारी बसून, दिवसभर उपाशी असल्यासारखा खजूर तोंडात टाकते. हे नाटक तिला अम्मी शिकवते, कारण अम्मीला तिच्या अम्मीने तेच शिकवलेले असते.

धर्मात सवलत, घरात लाज

वास्तविक याबाबत धर्माची भूमिका स्पष्ट आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा सोडून तो नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनने दिली आहे. पाळीच्या दिवसांत तर स्त्रीने रोजा ठेवायचाच नाही. राहिलेले रोजे तिने नंतर भरून काढायचे. त्यांना ‘कजा रोजे’ म्हणतात. त्या दिवसांतली नमाज मात्र पूर्ण माफ असते. हा नियम हजरत आयेशा यांच्या कथनातून पुढे आला. आपले राहिलेले रोजे आपण शाबान महिन्यात पूर्ण करत असू, हेही त्यांनीच सांगितले आहे. हजच्या प्रवासात पाळी आल्यामुळे त्या रडू लागल्या, तेव्हा पैगंबरांनी त्यांची विचारपूस केली आणि ही तर ईश्वरानेच स्त्रियांसाठी ठरवलेली गोष्ट आहे, अशी समजूत घातली. हे सारे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे, मदरशांत शिकवले जाते. चौदाशे वर्षांपूर्वी जे मोकळेपणाने बोलले गेले, ते आज दोन खोल्यांच्या घरात कुजबुजत का सांगावे लागते?

गंमत अशी, की ईदनंतर तीच मुलगी एकटीने कजा रोजे ठेवते. घर जेवत असते आणि ती उपाशी असते. त्या रोजांचा फोटो छापून येत नाही.

ही अडचण एकाच समाजाची नाही. शेजारच्या घरात ‘कावळा शिवला’ म्हणून मुलीला बाजूला बसवत असत. काही घरांत आजही देवघराशी जाऊ देत नाहीत. एका घरात लपवायचे, दुसऱ्या घरात चारचौघांत वेगळे काढायचे. रीत उलट असली तरी दोन्हीकडे मुलीला शिकवण एकच मिळते : तुझे शरीर ही अडचण आहे आणि तिचे काय करायचे, ते इतर ठरवतील.

मग ही शिकवण पाळीपुरती राहत नाही. चाँद रातीला मेंदी कुठवर काढायची, केस किती कापायचे, ईदच्या कपड्यांच्या बाह्या किती लांब असाव्यात, दुपट्टा कसा घ्यायचा, सगळ्यावर घरातल्या प्रत्येकाचे मत असते. एका घरात डोके झाकण्याची सक्ती, तर कुठे बाहेर ते उघडे ठेवण्याची. तिला काय वाटते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

‘नाही’ म्हणण्याची सवय

याची किंमत मोठी असते. ज्या मुलीला शरीराबद्दल खोटे बोलण्याची सवय लावली, ती गर्दीत कुणी नको तसा हात लावला तर घरी येऊन सांगेल कशी? ईदच्या दिवशी एखाद्या नातेवाइकाने जवळ ओढले आणि तिला ते आवडले नाही, तर ‘मोठे आहेत, गळाभेट घे’ असेच तिने ऐकायचे का? मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये ‘पोक्सो’ कायदा झाला. पण कायद्यापर्यंत पोहोचायला आधी मुलीला बोलता यावे लागते आणि ते बोलणे घरातच शिकले जाते.

सुरुवात साधी आहे. ‘आज रोजा आहे का?’ असे चारचौघांत विचारू नये, कारण रोजा हा माणूस आणि अल्लाह यांच्यातला मामला. मुलीला सहेरीला खोटे उठवू नये. पाळीची माहिती मुलग्यांनाही द्यावी, म्हणजे बहिणीला भावापासून घास लपवावा लागणार नाही. आणि अब्बांनी दुपारी सहज म्हणावे, ‘बेटा, जेवलीस का? गरम पाणी करून देऊ?’

पहिल्या रोजाला जिच्या गळ्यात हार घातला, तिला रोजा नसलेल्या दिवशीही घरात बसून, ताट वाढून घेऊन जेवता आले पाहिजे.