ताऱ्यांना फुटणारे किरण

कृत्तिकांच्या पुंजक्याचें छायाचित्र पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांत आलें असेल. निळसर धुक्यांत सहासात ठळक तारे, आणि प्रत्येकास फुटलेले चार लांब, सरळ किरण. ताऱ्याचें तेजच असें चोहों दिशांस फुटत असावें असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. पण थोडें बारकाईनें पाहावें. सर्व ताऱ्यांचे किरण अगदीं एकाच दिशांस वळलेले असतात. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या ताऱ्यांनीं अशी कवाईत करावी हें संभवत नाहीं. ते किरण ताऱ्यांचे नसून दुर्बिणीचे आहेत.

आरशाच्या दुर्बिणींत मोठा आरसा नळीच्या तळाशीं असतो, व त्यानें गोळा केलेला प्रकाश बाहेर काढण्याकरितां नळीच्या तोंडाजवळ एक लहान आरसा बसवावा लागतो. तो अधांतरीं राहणार कसा? म्हणून तो बहुधा चार पातळ पट्ट्यांनीं नळीस जखडलेला असतो. ताऱ्याचा प्रकाश या पट्ट्यांच्या कडांजवळून जातांना किंचित् पसरतो. यास विवर्तन म्हणतात. इटालींतील जेझुइट पंडित ग्रिमाल्डी यानें त्याचें वर्णन केलें, व तें त्याच्या मृत्यूनंतर १६६५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. सरळ कडेवरून पसरणारा प्रकाश त्या कडेशीं काटकोन करून दोहों बाजूंस जातो. म्हणजे एका पट्टीपासून दोन किरण निघतात. चार पट्ट्यांचे आठ व्हावयास पाहिजेत, परंतु समोरासमोरच्या पट्ट्या एकाच रेषेंत असल्यामुळें त्यांचे किरण एकमेकांवर पडून चारच दिसतात. पट्ट्या सारख्या अंतरानें तीनच ठेविल्या तर किरण मात्र सहा! हें कोडें वर्गांत घालण्यासारखें आहे असें आम्हांस वाटतें. भिंगाच्या दुर्बिणीच्या तोंडाशीं कांहीं बसविलेलें नसतें, म्हणून तींत हे किरण नसतात. २०२२ सालीं वेब या अवकाश-दुर्बिणीनें पाठविलेल्या चित्रांत ठळक ताऱ्यांना सहा मोठे व दोन लहान किरण दिसतात. मोठे सहा तिच्या षट्कोनी आरशांच्या कडांमुळें व लहान दोन आधाराच्या दांड्यांमुळें.

येथवर प्रकाशशास्त्र झालें. पुढील काम चित्र सिद्ध करणाराचें, आणि तें अधिक जोखमीचें आहे. तेजोमेघ इतके अंधुक असतात कीं एका चित्रानें भागत नाहीं. हौशी निरीक्षक कित्येक मिनिटांचीं अनेक छायाचित्रें घेऊन संगणकावर एकावर एक रचतात. अशीं शंभर चित्रें रचलीं म्हणजे चित्रांतील वाळूसारखा रवाळपणा, प्रकाशाच्या मानानें, दहावा हिस्सा उरतो. नंतर अंधुक भाग मुद्दाम उजळावे लागतात. पण तेजोमेघ उजळला कीं किरणांचीं अंधुक टोंकेंही उजळतात, आणि किरण धुक्यांत दूरवर शिरतात.

मग दोन मोह उत्पन्न होतात. एक, नसलेले किरण घालण्याचा. भिंगाच्या दुर्बिणीचे कांहीं मालक तिच्या तोंडावर दोन दोरे काटकोनांत ताणून बांधतात. तें आम्हांस खपतें, कारण तेथें खरोखर ताऱ्याचाच प्रकाश पसरतो. संगणकाकडून रेघा ओढवून घेणें निराळें. तसें केल्यास चित्राखालीं तें लिहावें. दुसरा मोह नको असलेल्या रेघा पुसण्याचा, आणि तो अधिक घातक.

१८८५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील हार्वर्ड येथें कृत्तिकांचें छायाचित्र घेतलें, तेव्हां काचेवर ताऱ्यांजवळ धूसर खुणा उमटल्या. काचेचाच दोष समजून त्या सोडून देण्यांत आल्या. त्याच महिन्यांत पॅरिस येथें पॉल व प्रॉस्पर हेन्री या बंधूंच्या काचेवर माया नांवाच्या ताऱ्यास धूमकेतूच्या शेपटीसारखा धूसर पट्टा चिकटलेला आढळला. त्यांची दुर्बीण भिंगाची होती, त्यामुळें पट्ट्यांचा संशय नव्हताच. तो पट्टा म्हणजे नवा तेजोमेघ होता! पुढील वर्षीं रशियांतील पुल्कोवो येथील ३० इंची दुर्बिणींतून तो डोळ्यांनींही दिसला. हार्वर्डच्या काचेवर तो आधींच येऊन बसला होता.

आज संगणक ताऱ्यांचे किरण क्षणांत पुसून टाकतो, व रिकामी जागा शेजारच्या धुक्यावरून अदमासानें भरतो. तेजोमेघाचा एखादा बारीक तंतु किरणाखालीं असला तर तोही जातो, आणि गेल्याचें कळतही नाहीं. याहून चांगला उपाय हौशी मनुष्याच्या हातांत आहे. नळी कड्यांत सैल करून ती तीनचार निरनिराळ्या कोनांत फिरवावी व प्रत्येक कोनांत चित्रें घ्यावींत. नळीबरोबर पट्ट्या फिरतात, म्हणून किरणही फिरतात. आकाशांतील धुकें मात्र जागचें हलत नाहीं. नंतर ताऱ्यांवर तारे जुळवून चित्रें रचावींत, आणि जी रेघ एकाच कोनांतील चित्रांत आहे तीच गाळण्यास संगणकास सांगावें. यास रात्री अधिक लागतात, व मधल्या एखाद्या रात्रीं ढग आले म्हणजे महिनाभरही थांबावें लागतें.