जुनी मोटार : शोभेची, भंगाराची की वापराची?

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि मुंबईतील टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने तिचा अखेरचा दिवस आधीच ठरलेला होता. वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली. एखादी तरी टॅक्सी जतन करावी, अशी सूचनाही पुढे आली. या हळहळीत एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. शेवटपर्यंत रोज भाडी मारणारी ही गाडी वयात बसत नाही एवढ्याच कारणाने जावी काय, आणि जायचे नसेल तर तिची जागा केवळ संग्रहालयात असावी काय?

खासगी मोटारीला महाराष्ट्रात अशी सरसकट वयोमर्यादा नाही. १५ वर्षांनंतर तपासणी करून घ्यावी, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे, पर्यावरण कर भरावा आणि गाडी चालवावी, अशी येथील व्यवस्था आहे. म्हणजे मुंबईत टॅक्सी म्हणून जी गाडी बाद झाली, तीच सावंतवाडीत घरची गाडी म्हणून रोज कुडाळच्या कचेरीत नेण्याचा अधिकार मालकाला आजही आहे. हा अधिकार वापरण्यात कितपत शहाणपण आहे, याचा विचार भावनेपेक्षा हिशेबाने व्हायला हवा.

सावंतवाडीच्या नोकरदाराची अडचण मोठ्या शहरातील माणसाला सहजी कळणार नाही. कोकण रेल्वेचे सावंतवाडी रोड स्थानक गावाबाहेर मळगावला आहे. महामार्गही झारापहून पत्रादेवीकडे बाहेरच्या बाहेर निघून जातो. एसटी आहे, पण तिच्या वेळा आणि कचेरीच्या वेळा यांचा मेळ दरवेळी बसतोच असे नाही. चार महिन्यांच्या धुवाधार पावसात दुचाकीचा भरवसा नाही. तेव्हा स्वतःची चारचाकी ही येथे चैन राहिलेली नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणती असावी.

समजा, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर आणि वर्षाचे २३० कामाचे दिवस. धावणे झाले सुमारे १०,००० किलोमीटर. जुनी फियाट (पद्मिनीला लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत आले) लिटरला ११ किलोमीटर देते आणि नवी छोटी मोटार २० देते असे धरले, तर जुन्या गाडीला वर्षाला सुमारे ४०० लिटर पेट्रोल जास्त लागते. १०५ रुपये दराने हा जादा खर्च ४२,००० रुपये झाला. दुरुस्तीचे ३०,००० मिळवले तर ७२,०००. उलट, सात लाखांची नवी मोटार पहिली काही वर्षे दरसाल सत्तरेक हजारांनी उतरते. कर्जाचे व्याज सरासरी ४५,००० धरले आणि विम्याचा वाढीव हप्ता जोडला, तर आकडा सव्वा लाखाच्या आसपास जातो. जुन्या मोटारीची घसारा-वजावट केव्हाच संपलेली असते. मालक तिच्यावर चालू खर्च तेवढा करतो.

हा हिशेब सर्वांना लागू पडत नाही. सावंतवाडीहून म्हापशाला किंवा पणजीला रोज ये-जा करणाऱ्यांचे धावणे वर्षाला २०,००० किलोमीटरच्या पुढे जाते. तेथे पेट्रोलचा आणि दुरुस्तीचा खर्च दुपटीकडे सरकतो आणि जुन्या गाडीचा फायदा संपतो. आणि निव्वळ पैशाचेच पाहायचे तर दहा वर्षे वापरलेली एखादी मारुती या दोन्हींना मागे टाकील, हेही मान्य केले पाहिजे. फियाटचा मालक हे जाणतो. तरीही तो ती ठेवतो, कारण तिची किंमत आता आणखी उतरण्यासारखी उरलेली नाही आणि तिचे दुखणे त्याच्या गावातच बरे होते.

या दुसऱ्या कारणामागे एक चमत्कारिक आर्थिक इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. फियाटची ११०० डी जातीची मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून निघू लागली, १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि शतक संपता संपता उत्पादन थांबले. म्हणजे जवळजवळ साडेतीन दशके एकच मोटार, एकच १,०८९ घनसेंटीमीटरचे एंजिन. परवाना पद्धती, आयातबंदी, १९५९ चा वितरण-नियंत्रण हुकूम आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या यांनी ग्राहकाची कोंडी केली, ही टीका रास्तच होती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर येताच ग्राहकाने आपला कौल दिला. पण बदल न करण्याच्या त्याच आळसातून एक अनपेक्षित लाभ पदरात पडला. एका साली निघालेला सुटा भाग दहा वर्षांनंतरच्या गाडीला बसत राहिला. देशभरच्या मेस्त्रींनी ही एकच गाडी इतक्या वेळा उघडली, की तिचे ज्ञान कारखान्यातून निघून बाजारपेठेतल्या गॅरेजात येऊन स्थिरावले. कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट घासून अंतर लावणे, ब्रेकचे लायनर बदलणे यांना संगणक लागत नाही. दुरुस्तीवर गेलेला रुपया बव्हंशी गावातल्या श्रमाला मिळतो. नव्या गाडीच्या हप्त्यातला फारच थोडा गावात उरतो. क्यूबामध्ये १९५० च्या दशकातील अमेरिकन मोटारी निर्बंधांमुळे अजून टॅक्सी म्हणून धावतात, त्यामागेही नाइलाज आणि कारागिरी यांचीच सांगड आहे.

आता उलट बाजू. जुन्या एंजिनाला धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसते. प्रदूषण तपासणीचा नियमच ही तफावत कबूल करतो: भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला उभ्या अवस्थेत ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, भारत स्टेज-४ च्या मोटारीला ०.३ टक्के. दहा पटींचा हा फरक मुंबईच्या कोंडलेल्या चौकात असह्य ठरतो. मोती तलावाच्या काठावरून सकाळी जाणाऱ्या एका फियाटने तेवढी हानी होत नाही, कारण हानी गाड्यांच्या दाटीवरही ठरते. कार्बन डायऑक्साइडचे गणित निराळे आहे. लिटरभर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो वायू निघतो. वर्षाला ४०० लिटर जादा म्हणजे नऊशेएक किलो. नवी मोटार घडवतानाच पाच टन किंवा त्याहून अधिक वायू बाहेर पडतो, असा साधारण अंदाज आहे. तेव्हा १०,००० किलोमीटर धावणाऱ्याच्या बाबतीत नवी मोटार पाच-सहा वर्षांत ही उधारी फेडते. आठवड्यातून एकदा बाजारहाट करणाऱ्याच्या बाबतीत ती कित्येक वर्षे फिटत नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र युक्तिवादाला जागा नाही. पद्मिनीला एअरबॅग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आंबोलीचा घाट उतरताना हे ब्रेक तापतात आणि तापले की ढिले पडतात. खालच्या गिअरमध्ये घाट उतरणारा जुना चालक हे जाणून असतो; त्याच्या मुलाला ते कोणी शिकवलेले नसते. आणि हवामान? दमट हवा आणि लांबलेला पावसाळा पत्र्याला खालून खातो. त्यात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. उसाचा दर सावरणाऱ्या या धोरणाचा भुर्दंड भातपिकाच्या मुलखातील जुन्या गाडीच्या मालकाने सोसायचा, असा हा व्यवहार आहे.

या सगळ्याकडे कायदा कसा पाहतो? जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांचा ‘विंटेज’ असा स्वतंत्र वर्ग केला. २०,००० रुपये भरून नोंदणी होते, पण अट अशी की वाहन प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर यावे. नित्याच्या वापराला मनाई. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बाहेर पडते, तिला ही अट जाचक नाही. पण पद्मिनीच्या सुरुवातीच्या गाड्याही आता पन्नाशीला पोहोचल्या आहेत. त्यांच्या मालकाने सन्मान घ्यायचा तर गाडीचा उपयोग सोडावा लागतो. दुसरा मार्ग २०२१ च्याच भंगार धोरणाचा. गाडी मोडीत काढल्याच्या दाखल्यावर नव्या खासगी मोटारीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची त्यात तरतूद आहे. शोभा किंवा भंगार, असे हे दोन कप्पे आहेत. चालती, निगा राखलेली, कामाला येणारी जुनी मोटार मधल्या मध्ये राहते आणि तिच्या वाट्याला फक्त शुल्कवाढ येते: नूतनीकरणाचे ६०० रुपये एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००.

जर्मनीने यातून वाट काढली आहे. तेथे ३० वर्षांवरील मोटार मूळ रूपात आणि सुस्थितीत असल्याचे तपासणीत सिद्ध झाले, की तिच्या क्रमांकापुढे ‘एच’ अक्षर लागते, ठरावीक कर बसतो आणि ती रोज वापरता येते. कसोटी वयाबरोबरच प्रकृतीची आहे. आपल्याकडे १०,००० रुपये घ्यायला हरकत नाही. पाच वर्षांत विभागले तर ते वर्षाला २,००० होतात. पण त्या रकमेपोटी सिंधुदुर्गनगरीच्या तपासणीत ब्रेक यंत्रावर मोजले जावेत, सांगाड्याचा गंज खालून पाहिला जावा, धूर चालत्या एंजिनावर तपासला जावा. नापास गाडी निःसंकोच भंगारात जावी. दाट वस्तीच्या शहरांसाठी निराळे, कडक नियम असायलाही हरकत नाही. मुंबईची मर्यादा सावंतवाडीला आणि सावंतवाडीची मोकळीक मुंबईला लावण्याचे कारण नाही.

एवढे झाले तरी एक तुटवडा शुल्काने भरून निघणार नाही. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ चे मानक आल्यापासून नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला तो नव्या गाडीत दिसत नाही. जो शिकायचा तो जुन्या मेस्त्रीच्या हाताखाली, आणि ते मेस्त्री आता साठीच्या पुढे गेले आहेत.