माल उंची, पण भांडे कसे?

आम्ही कापडवाले बारदानाला जपतो. गाठ ढिली बांधली आणि पावसाचे पाणी आत गेले, की विणकराची महिन्याची मेहनत वाया जाते. सुगंधी मालाचेही तसेच आहे, आणि ही गोष्ट जुन्या जगातील व्यापारी चांगली जाणून होते.

काच फुंकून स्वस्तात कुप्या करण्याची युक्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी निघाली. त्याआधी उंची तेल दगडी भांड्यात ठेवत. मिसरमध्ये हतनुबच्या खाणीतून अलबास्टर नावाचा पांढरट दगड निघे. तो संगमरवरासारखा दिसतो. कारागीर तांब्याची नळी ओल्या-कोरड्या वाळूवर फिरवून भांडे आतून पोकळ करत. खरे कापण्याचे काम वाळूच करी. तोंड अरुंद ठेवत, म्हणजे वास उडू नये.

दगडच का? अरस्तूचा शागीर्द थिओफ्रास्टस याने कारण लिहून ठेवले आहे. ऊन आणि उष्णता अत्तर बिघडवतात. म्हणून अत्तरवाले सावलीची खोली शोधतात आणि माल शिशाच्या किंवा अलबास्टरच्या भांड्यात ठेवतात, कारण ही भांडी थंड आणि घट्ट असतात.

या मालाची किंमत काय होती? तूतनखामूनची कबर 1922 मध्ये उघडली. तिच्यात प्राचीन काळीच चोर शिरून गेले होते. त्यांनी दगडी भांड्यांतले तेल चामड्याच्या पखालींत भरून नेले आणि भांडी तिथेच टाकली. एका भांड्याच्या आत चोराच्या बोटांचे ठसे तीन हजार वर्षांनंतरही दिसत होते.

अरबस्तानच्या दक्षिणेकडे, आजच्या येमेन आणि ओमानमध्ये, दगडाच्या चौकोनी धूपदान्या सापडतात. खाली चार पाय, वर निखाऱ्यासाठी खळगा. काहींच्या चार बाजूंवर चार सुगंधी जिनसांची नावे कोरलेली आहेत. त्यांतले एक नाव 'कुस्त'. हकीम मंडळी ते लगेच ओळखतील. आपल्याकडे त्यालाच कोष्ठ म्हणतात, आणि ते काश्मीरच्या डोंगरात होते.

कुंदुर, म्हणजे अरबी लोबान, तिथून उंटांवरून भूमध्य समुद्राकडे जाई. रोमन लेखक प्लिनी सांगतो की वाटेत 65 मुक्काम होते आणि जकात, चारा, पाणी धरून एका उंटामागे 688 दिनार खर्च येई. रोममध्ये पहिल्या प्रतीचा माल 6 दिनार रतल, तिसऱ्या प्रतीचा 3. इस्कंदरियाच्या कारखान्यात मजुरांच्या लंगोटाला मोहोर लावत, तोंडावर जाळी बांधत आणि बाहेर सोडताना अंगावर कपडा ठेवत नसत. लाखोंचा माल हाताळणाऱ्या कारागिरावर मालकाचा एवढाही भरवसा नव्हता. असा धंदा पैसा देतो, इज्जत देत नाही.

यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोचबरोबर सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. भडोचकडचे सुती कापड, तांदूळ, तूप आणि तिळाचे तेल सोमालियाच्या किनाऱ्यावर उतरे, आणि त्याच किनाऱ्यावरून लोबान भरला जाई. म्हणजे कापड आणि सुगंध यांची बाजारपेठ तेव्हाही एकच होती.

आज अलबास्टरची भांडी कोरणारे कारागीर मिसरच्या लक्सर गावापलीकडे नाईलच्या पश्चिम काठावर आहेत. त्यांचे गिऱ्हाईक बहुतेक पर्यटक. हाताने पोकळ केलेले आणि यंत्रावर फिरवलेले भांडे शेजारी ठेवून विकले जाते, आणि ज्याला फरक कळत नाही तो स्वस्त तेच उचलतो.

आपल्या अत्तरवाल्या बांधवांना आमचे एवढेच सांगणे. महागडे अत्तर दुकानाच्या काचेत उन्हात मांडू नका, आणि दोन पैसे वाचवायला ते हलक्या प्लॅस्टिकमध्ये भरू नका. कारागिराने जीव ओतून केलेला माल शेवटच्या टप्प्यात बिघडला, तर गिऱ्हाईक भांड्याला दोष देत नाही. तो पेढीचे नाव घेतो.